रक्ताच्या ठिपक्यातली गैरहजेरी

रक्त तपासताना आपण बहुधा काहीतरी सापडते का ते पाहतो: मलेरियाचा परजीवी, वाढलेली साखर, एखाद्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे. ज्या विषयाची ही प्रस्तावना आहे, तिथे काम उलटे असते. जे असायला हवे ते नाही, हे सिद्ध करायचे. नव्या विद्यार्थ्याला हा फरक किरकोळ वाटतो. वर्षभर प्रयोगशाळेत काढले की कळते, या शाखेतल्या बहुतेक अडचणी, आणि गमतीही, इथूनच निघतात.

लायसोसोम ही पेशीतली मोडतोडीची जागा. आत आम्लधर्मी वातावरण आणि पन्नासहून अधिक एन्झाइम. जुनी मेदद्रव्ये, साखरेच्या लांबलचक साखळ्या तिथे येतात आणि तुकडे होऊन पुन्हा वापरात जातात. त्यातले एक एन्झाइम निकामी असले की त्याच्या वाट्याचा माल पडून राहतो. गोशे आजारात तो पानथरी, यकृत आणि हाडांच्या मगजात साठतो. पोम्पे आजारात हृदयात आणि स्नायूंत. टे-सॅक्समध्ये मेंदूच्या पेशींत. असे पन्नासेक आजार आहेत. एकेकटा दुर्मीळ, सगळे मिळून मात्र तितके दुर्मीळ नाहीत.

लायसोसोमचा शोधसुद्धा एका गैरहजेरीतूनच लागला. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात क्रिस्तियाँ द दूव्ह उंदराच्या यकृतातले एक एन्झाइम मोजत होते. ते अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके भरले. नमुना फ्रिजमध्ये पाच दिवस राहिला, पुन्हा मोजला, तर एन्झाइम भरपूर! ते पहिल्यापासून तिथेच होते, फक्त एका पटलाच्या पिशवीत बंद. त्या पिशवीला 1955 मध्ये लायसोसोम हे नाव मिळाले. पुढे 1963 मध्ये त्याच विद्यापीठातल्या हेन्री-जेरी हेर्स यांनी पोम्पे आजारात लायसोसोममधले एकच एन्झाइम नसते हे दाखवले आणि एक सबंध रोगकुल उलगडायला लागले.

या रोगकुलात रक्तावरून मोठ्या प्रमाणावर तपासणी प्रथम झाली ती टे-सॅक्सची, 1971 मध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या ज्यू वस्त्यांत, मायकेल काबॅक यांच्या पुढाकाराने. त्यामागची युक्ती मला आजही फार देखणी वाटते. हेक्सोसअमिनिडेज हे एन्झाइम ए आणि बी अशा दोन रूपांत असते. टे-सॅक्समध्ये फक्त ए नसते. रक्तद्रव सुमारे 50 अंशांवर तापवला की ए निकामी होते, बी टिकते. आधीची आणि नंतरची मोजणी वजा करा, ए किती होते ते हाती येते. वाहक व्यक्तीत ते साधारण निम्मे भरते. गर्भवती स्त्रियांच्या रक्तद्रवात मात्र हे गणित चुकते, म्हणून त्यांच्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. सूत्र सापडले की अपवाद शोधायचा, ही सवय या शाखेला तेव्हापासून आहे.

त्यानंतरची मोठी उडी कागदावरची. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्त गाळणकागदावर वाळवून तपासायची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी 1960च्या दशकात रूढ केली होती. पण वाळलेल्या ठिपक्यात लायसोसोमची एन्झाइम जिवंत राहतील का? राहतात, हे ब्युनोस आयरेसच्या नेस्तोर चामोलेस यांनी 2001च्या सुमारास दाखवले. कृती स्वयंपाकासारखी साधी दिसते. वाळलेल्या ठिपक्याच्या कार्डातून 3 मिलिमीटरची चकती पंच करून काढायची. आम्लधर्मी बफर आणि एक कृत्रिम द्रव्य घालून ती 37 अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी अल्कली घालून क्रिया थांबवायची आणि अतिनील प्रकाशात बघायचे. एन्झाइमने द्रव्य तोडले असेल तर नळी निळी चमकते. आजारी बाळाची नळी अंधारी राहते. सिएटलमधल्या मायकेल गेल्ब यांच्या गटाने 2004 मध्ये हेच काम मास स्पेक्ट्रोमेट्रीवर नेले. प्रत्येक एन्झाइमच्या उत्पादनाचे वस्तुमान वेगळे, त्यामुळे एकाच कार्डावरून अनेक आजारांची चौकशी एका फेरीत होऊ लागली.

पण अंधारी नळी म्हणजे आजार, असे लगेच मानू नका. नागपूरहून मे महिन्यात निघालेले पाकीट कुरिअरच्या गोदामात शनिवार-रविवार तापले, तर निरोगी बाळाचे एन्झाइमही मरते. म्हणून त्याच कार्डावर दुसरे एखादे एन्झाइम मोजायचे; तेही पडलेले असेल तर दोष पाकिटाचा. काही माणसांत एन्झाइम आपले खरे काम बिनबोभाट करते, पण आपण दिलेल्या कृत्रिम द्रव्याला हात लावत नाही. मूल वर्गात बसलेले, पण नाव पुकारले तर ओ देत नाही, असा हा प्रकार. याला आभासी न्यूनता म्हणतात आणि तिने घाबरवलेले आईबाप थोडे नाहीत.

उलट बाजूला आहे ती प्रॉक्सी. पोम्पेमध्ये जे एन्झाइम नसते त्याच्यासारखेच काम करणारे दुसरे एक एन्झाइम पांढऱ्या पेशींत असते आणि ते खुशाल हजेरी लावून जाते. त्यामुळे कितीतरी वर्षे ही तपासणी रक्तावर विश्वासाने करता येत नव्हती; स्नायूचा तुकडा किंवा त्वचेच्या पेशी लागत. उपाय निघाला तो अकार्बोज. होय, मधुमेहाच्या गोळीतलेच. योग्य प्रमाणात घातले की तोतया गप्प बसतो आणि खरी गैरहजेरी उघडी पडते. तैवानने 2005 मध्ये नवजातांत पोम्पेची चाचणी सुरू केली. अर्भकावस्थेतला पोम्पे उपचाराविना बहुधा वर्षाच्या आत जीव घेतो. तिथे आधीच सापडलेल्या बाळांना एन्झाइम वेळेत देता आले.

दुसरा मार्ग साठलेला माल किंवा त्याच्या खुणा मोजण्याचा. गोशेमध्ये कायटोट्रायोसिडेज हे दुसरेच एन्झाइम शेकडो पटींनी वाढते, पण काही लोकांत ते जन्मतःच नसते, म्हणून आता लायसो-जीबी1 या साठणाऱ्या मेदद्रव्यावर अधिक भिस्त. याच कुळातला फॅब्री आजार असलेल्या स्त्रियांत तर एन्झाइम बऱ्याचदा नॉर्मल भरते; त्यांचा निवाडा जनुक पाहूनच करावा लागतो.

आपल्याकडे पानथरी हाताला लागली की मलेरिया, थॅलेसेमिया, रक्ताचा कर्करोग अशी रांग लागते आणि ते रास्तच आहे. गोशे त्या रांगेत शेवटी उभा असतो. टे-सॅक्स हा ज्यूंचा आजार, असे पाठ्यपुस्तकात शिकलेल्या आमच्या पिढीला अहमदाबादच्या संशोधकांनी गुजरातमधल्या कुटुंबांत त्याचा एक खास जनुकदोष दाखवून जागे केले. 2021च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे आणि रुग्णामागे 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. काही आजारांत एन्झाइम आयुष्यभर शिरेतून द्यावे लागते, त्यापुढे ही रक्कम लवकर संपते. तरीही निदानच नसेल तर अर्ज कशाचा करायचा?

जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. पुढची प्रकरणे त्यांच्यासाठीच आहेत. तालुक्याच्या गावी बसलेल्या बालरोगतज्ज्ञांना मात्र एकच विनंती. पानथरी वाढलेल्या आणि हिमोग्लोबिन उतरलेल्या मुलाला रक्त चढवण्याआधी नमुना घ्या. दात्याच्या पांढऱ्या पेशी आपले एन्झाइम सोबत घेऊन येतात आणि अहवाल नॉर्मल येतो. रक्त आधीच चढवले असेल, तर कार्डावर ती तारीख लिहा.