युडोराचे पोस्ट आणि संहितेचे हक्क

युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेची ‘व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.’ ही कथा १९४१ साली प्रसिद्ध झाली. घरच्यांशी बिनसल्यावर तिची नायिका मिसिसिपीतल्या ज्या छोट्या पोस्टात काम करते तेथेच बिऱ्हाड थाटते. पुढे १९८८ साली इलिनॉय विद्यापीठातील स्टीव्ह डॉर्नर मॅकिंटॉश संगणकासाठी ई-पत्रांची आज्ञावली लिहीत होते. पत्रांच्या या कामात बुडालेल्या डॉर्नर यांना आपणही पोस्टातच राहतो आहोत असे वाटू लागले आणि त्यांनी आज्ञावलीचे नाव ‘युडोरा’ ठेवले. वेल्टी तेव्हा हयात होत्या. त्यांना या नामकरणाची गंमत वाटली, असे सांगतात. या आज्ञावलीच्या हक्कांचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावा असे आम्हाला वाटते, आणि त्याचे कारण केवळ हे नाव नव्हे.

आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला. कायद्याच्या लेखी कादंबरी आणि आज्ञावली एकाच पंक्तीत बसल्या. फरक उरला तो वाचनाचा. कादंबरी विकत घेणाऱ्याला तिचा शब्द न् शब्द वाचता येतो. आज्ञावली वापरणाऱ्याला बहुधा केवळ तिचे काम दिसते. तिची मूळ संहिता, म्हणजे लेखकाने प्रत्यक्ष लिहिलेला मजकूर, कुलुपातच राहू शकते. हे असे साहित्य आहे की जे लाखो लोक वापरतात आणि कोणी वाचत नाही.

युडोराचे नेमके हेच झाले. टेलिफोनच्या तारेवरून पत्रे आपल्या संगणकात उतरवून घ्यायची, जोडणी तोडायची, मग निवांत वाचायची आणि उत्तरे लिहून ठेवायची, अशी तिची रीत होती. आरंभी ती मोफत मिळे. परंतु मोफत म्हणजे मुक्त नव्हे, हा भेद येथे ध्यानात घ्यावा लागतो. हक्क विद्यापीठाकडे होते, लेखकाकडे नव्हते. क्वालकॉम या कंपनीने १९९१ साली विद्यापीठाकडून परवाना घेतला, डॉर्नर त्या कंपनीत रुजू झाले आणि पुढे मोफत आवृत्तीच्या जोडीला विकाऊ आवृत्ती आली. संहिता मात्र बंदच राहिली.

२००६ साली क्वालकॉमने या आज्ञावलीचा विकास थांबवला. त्याच सुमारास मोझिलाच्या साहाय्याने ‘पेनेलोपी’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. हे नाव वाचून ओडिसीतील विणणारी आणि उसवणारी पेनेलोपी आठवल्यावाचून राहत नाही. पण ती जुन्या संहितेची मुक्ती नव्हती. थंडरबर्ड या मुक्तस्रोत आज्ञावलीला युडोराचा तोंडवळा देण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो फार काळ टिकला नाही.

खरी सुटका मे २०१८ मध्ये झाली. कॅलिफोर्नियातील कम्प्युटर हिस्टरी म्युझियमने क्वालकॉमशी पाच वर्षे बोलणी केली. अखेर कंपनीने नुसता परवाना न देता कॉपीराइट, व्यापारचिन्हे आणि संकेतस्थळांची नावेही संग्रहालयाच्या स्वाधीन केली. संग्रहालयाने ती संहिता बीएसडी परवान्याखाली खुली केली. एकट्या विंडोज आवृत्तीच्याच ८,६५१ फाइली भरल्या. तरीही दान पूर्ण नव्हते. आज्ञावलीत इतरांकडून परवान्याने घेतलेले काही भाग होते. ते वाटण्याचा अधिकार कंपनीलाही नव्हता आणि संग्रहालयालाही नव्हता, म्हणून ते वगळावे लागले. उसन्या उताऱ्यांची पाने फाडून छापलेल्या ग्रंथासारखी ही आवृत्ती आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुक्त परवाना म्हणजे हक्कांवर सोडलेले पाणी नव्हे. बीएसडी परवाना संहिता बदलण्याची, वाटण्याची, विकण्याचीही मुभा देतो. पण हक्कधारकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवण्याची अट घालतो. ही अट घालण्याचा अधिकार कॉपीराइटमधूनच येतो. ज्याच्या हाती किल्ली आहे तोच दार उघडू शकतो. ती कोणाच्या हाती आहे हेच ठाऊक नसेल, तर सदिच्छा असूनही दार बंद राहते.

या सर्व काळात वाचकांची पत्रे मात्र वाचली. युडोरा प्रत्येक टपालपेटी साध्या मजकुराच्या फाइलीत, वाचकाच्याच संगणकावर ठेवीत असे. त्यामुळे आज्ञावली थांबली तरी पत्रांवर पडदा पडला नाही. १९९० च्या दशकातील लेखकांचा पत्रव्यवहार उद्या कोणी संपादित करू लागेल, तेव्हा त्याला या साधेपणाचे मोल कळेल. परवान्याने जे बारा वर्षे अडवून धरले, ते फाइलीच्या रचनेने पहिल्यापासूनच मोकळे ठेवले होते.

पुस्तकाच्या आरंभीच्या पानावरील ‘सर्व हक्क सुरक्षित’ ही ओळ आपण न वाचताच पान उलटतो. ते हक्क कोणासाठी सुरक्षित आहेत आणि हक्कधारक निघून गेल्यावर त्या मजकुराचे काय होणार, हे प्रश्न आम्हाला संहितेच्या अभ्यासाचाच भाग वाटतात.