जिल्हा तसा पंथ

कोल्हापूरचा ख्रिस्ती माणूस प्रेस्बिटेरियन का, यवतमाळचा फ्री मेथडिस्ट का, आणि आम्ही नगरकर काँग्रिगेशनल का, याचं उत्तर धर्मशास्त्रात शोधू नये. ते भूगोलात आहे. आमच्या पणजोबांनी कॅल्व्हिन वाचला नव्हता आणि बिशप असावा की नसावा यावर चावडीत बसून मतही दिलं नव्हतं. गावात पहिली शाळा ज्या मिशनची आली, त्या मिशनचा पंथ तो आमचा पंथ.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. त्यांचं मिशन 1831 मध्ये नगरला पोचलं आणि पुढे राहुरी, वडाळा, शिरूर असं पसरत गेलं. नाशिककडे चर्च मिशनरी सोसायटी होती. 1854 मध्ये तिने शरणपूर वसवलं. कोल्हापुरात 1852 मध्ये रॉयल वाइल्डर हे मिशनरी आले. जालन्याकडे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री होते. एकाच्या मुलखात दुसऱ्याने शिरू नये हा आधी नुसता शिरस्ता होता, नंतर त्याचे लेखी करार झाले. ही वाटणी करताना गावकऱ्यांना कुणी विचारलं नाही, हे खरंच. तरी मी तिला सरसकट नावं ठेवणार नाही. दुष्काळात, पटकीच्या साथीत, पाटलाने पाणी तोडलं तेव्हा अमुक गावच्या ख्रिस्ती वस्तीची जबाबदारी कुणाची, याला त्यामुळे एक उत्तर होतं.

करारांतली कलमं वाचली की मिशनरी किती व्यवहारी होते ते कळतं. एकाने काढून टाकलेल्या मास्तराला दुसऱ्याने नोकरी देऊ नये. पगाराचं आमिष दाखवून कुणाचे उपदेशक फोडू नयेत. एका मंडळीने शिस्तीखाली ठेवलेल्या माणसाला शेजारच्या मंडळीने दार उघडू नये. आणि आपला सभासद दुसऱ्याच्या मुलखात राहायला गेला, तर त्याच्या हाती पत्र देऊन त्याला तिथल्या पाळकाच्या हवाली करावं. हे शेवटचं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. नगर जिल्ह्यातली माणसं पोटासाठी पुण्या-मुंबईला जाऊ लागली, तेव्हा नकाशावरच्या रेघा पुसल्या गेल्या. उरलं ते पत्र.

रेघा मोडल्याही गेल्या, आणि तेही आमच्याच नगरात. 1870 च्या दशकात एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) ही अँग्लिकनांची मिशन संस्था इथे आली. अमेरिकन मिशनच्या लेखी ही घुसखोरी होती. एस.पी.जी.चं म्हणणं असं की खरी प्रेषितीय परंपरा बिशपांची, तिला हद्द कसली? जिल्ह्यात दोन चर्चं झाली आणि काही गावांत भावकीही दोन्हीकडे वाटली गेली.

माझं घर याच फुटीवर उभं आहे. वडील अमेरिकन मराठी मिशनचे, आई एस.पी.जी.ची. वडिलांच्या मंडळीत प्रभुभोजनाला बाकावर बसल्याबसल्या ट्रे फिरायचा. प्रत्येकाला काचेचा चिमुकला पेला. आजोळी मात्र वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचं. तेही ज्याच्या डोक्यावर दृढीकरणाच्या वेळी बिशपाचा हात पडला असेल त्यालाच. त्यामुळे नाताळला सासुरवाडीला आलेले माझे वडील, स्वतः मंडळीचे डीकन असूनही, उपासनेच्या ऐन वेळी बाकावर एकटे बसून राहत. आजी मायाळू होती. जावयाला पुरणपोळीवर तुपाची धार कधी कमी पडली नाही. पण विषय निघाला की म्हणायची, “जावईबापू, तुमच्यात सगळं आहे, फक्त बिशपाचा हात नाही.” वडील म्हणायचे, “आम्हांला प्रभूचा पुरतो.” आई ताटं उचलायला उठायची.

हेच सासू-जावई संध्याकाळी पेटी काढून कवी ना. वा. टिळकांची पदं गायचे. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक दोन्ही घरांत होतं. मला तर वाटतं, मराठी ख्रिस्ती माणूस एकत्र आला तो ठरावांच्या आधी पदांमुळे आणि पवित्र शास्त्रामुळे. बॉम्बे ऑक्झिलरी बायबल सोसायटी 1813 ची, आणि तिच्या कामात निरनिराळ्या मिशनांची माणसं एका टेबलाशी बसली. बाबा पदमनजींचंच पाहा: बाप्तिस्मा 1854 मध्ये बेळगावला लंडन मिशनकडे, पाळकपद फ्री चर्चचं, आणि पुढची चाकरी बायबल व ट्रॅक्ट सोसायट्यांची, म्हणजे सगळ्यांचीच. त्यांना कुठल्या पंथाच्या रकान्यात घालाल?

टिळक याहून पुढे गेले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. पंथापंथांची भिंत राहूच द्या, त्यांनी चर्चच्या उंबऱ्यालाच हात घातला. अनेकांना ते झेपलं नाही. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबाराला दुसरा तसा माणूस मिळाला नाही.

पुढची वाट समित्यांची होती, आणि समित्यांना असतो तेवढा वेळ लागला. 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. त्याचे पहिले मॉडरेटर आमच्या नगरचे रॉबर्ट ह्यूम. व्यापक ऐक्याची बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली आणि योजनेची चौथी आवृत्ती 1965 मध्ये निघाली. अडलं कुठे? बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या वयात, इथे. आणि अर्थात बिशपाच्या हातावर. बाप्तिस्म्याचा तोडगा मला शहाणपणाचा वाटतो: दोन्ही रीती चालतील, आईबापांनी निवडावं, मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. हातांचा तोडगा याहून चतुर होता. सर्व चर्चांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या डोक्यावर हात ठेवले. कुणात काय उणं होतं ते प्रार्थनेत मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. देव जाणे, असं म्हणून सोडून दिलं.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं: अँग्लिकन, युनायटेड, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. वाटाघाटींत इतकी वर्षं बरोबर असलेलं अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च अगदी शेवटी बाहेर राहिलं. त्या नाताळला आजी वडिलांना म्हणाली, “आता तरी उठा, जावईबापू.” ते उठले. परत बाकावर आल्यावर मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाले, “एकाच प्याल्यातून म्हणजे जरा...”

मनं जुळवणं एक वेळ सोपं, मालमत्ता कठीण. ठराव झाला, पण सातबारा आणि विश्वस्तांची नोंद तो ऐकतेच असं नाही. गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 मध्ये निकाल लागला की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने सार्वजनिक न्यास विसर्जित होत नाही आणि त्याची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. कायद्याने हे बरोबरच असेल. पण त्या कोर्टबाजीत गेलेली वर्षं आणि पैसा शाळा-दवाखान्यांच्या कामी आला असता, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

सध्या आमच्या मंडळीचं दप्तर माझ्याकडे असतं. नगरची पोरं नोकरीसाठी पुण्याला जातात, घराजवळ मेथडिस्ट चर्च असतं, तिथेच जाऊ लागतात. मग आईबाप दाखला मागायला येतात. मी लिहून देतो: बाप्तिस्म्याची तारीख, प्रभुभोजनाचा सभासद आहे की नाही, वर्तणूक चांगली. खाली पाळकांची सही घेतो. मुलगा तिथे पोचला, एवढं तिकडच्या पाळकांनी उलट टपाली कळवावं अशी एक ओळ मी जोडतो. निम्मे कळवतात.