पाच भाऊ, पाच बहिणी आणि एक वाटणी

डिसेंबर १२४५ मध्ये अ‍ॅन्सेल्म मार्शल वारला आणि इंग्लंडमधल्या एका बलाढ्य घराण्यातला शेवटचा पुरुष संपला. हे पाच सख्खे भाऊ. थोरला विल्यम १२३१ मध्ये गेला, रिचर्ड १२३४ मध्ये आयर्लंडमधल्या लढाईतल्या जखमांनी गेला, गिल्बर्ट १२४१ मध्ये घोडेस्वार नाइटांच्या झुंजीच्या सामन्यात घोड्यावरून पडून मेला. वॉल्टर १२४५ च्या नोव्हेंबरात आणि त्याच्या मागोमाग महिन्याभरात अ‍ॅन्सेल्म. पेंब्रोकची अर्लकी वारशाने पाचही जणांकडे एकामागून एक आली, पण एकालाही औरस मूल झाले नाही. मॅथ्यू पॅरिस या त्या काळच्या बखरकार भिक्षूने याचे कारण एका शापात शोधले. बापाने फर्न्सच्या बिशपची जमीन बळकावली होती आणि बिशपच्या तळतळाटाने घराणे बुडाले, अशी त्याची नोंद आहे.

त्यांचा बाप म्हणजे विल्यम मार्शल. घरातल्या धाकट्या मुलांपैकी एक, त्यामुळे वाट्याला जमीन नाही. सामने जिंकत आणि राजांची चाकरी करत तो वर चढला आणि म्हातारपणी बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या वतीने इंग्लंडचा कारभार पाहू लागला. पण त्याची जहागीर तलवारीने आलेली नव्हती, ती आली लग्नाने. ११८९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, राजाने त्याला इझाबेल द क्लेअर दिली. आयर्लंडमध्ये राज्य थाटणाऱ्या स्ट्राँगबोची ही मुलगी. तिची आई ईफा लेन्स्टरच्या आयरिश राजाची लेक होती. बाप आणि भाऊ दोघेही गेल्यामुळे लेन्स्टर प्रांत आणि वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टोचा किल्ला या तरुण मुलीच्या नावावर होता.

मुलगे निपुत्रिक गेल्यावर ही सगळी मालमत्ता विल्यम-इझाबेलच्या पाच मुलींकडे वळली. इंग्लंडच्या कायद्यात मुलगा असला तर थोरल्याला सर्व काही मिळे. मुली मात्र सारख्या वाटणीच्या वारस. १२४७ मध्ये जहागिरीचे पाच हिस्से झाले. मॉडच्या हिश्शाला कार्लो आले आणि तिच्याकडून ते बिगॉड घराण्यात गेले. इझाबेलच्या मुलाकडे, म्हणजे क्लेअरांकडे, किल्केनी गेले. ईव्हाच्या हिश्शातला डनमेसचा किल्ला तिच्या मुलीच्या नवऱ्याकडे, रॉजर मॉर्टिमरकडे पोहोचला. जोनच्या मुलीशी राजाचा सावत्र भाऊ विल्यम द व्हॅलेन्स याने त्याच वर्षी लग्न केले आणि वेक्सफर्डसह पेंब्रोकचा तो धनी झाला. सिबिलला मुली सात. तिचा पाचवा हिस्सा पुन्हा सात जणींत वाटला गेला, म्हणजे प्रत्येकीला मूळ जहागिरीचा पस्तिसावा भाग.

हा पस्तिसावा भाग इतका नेमका सांगता येतो, कारण त्या काळी नाते लिहिले जाई ते जमिनीसाठी. वंशावळ ठेवावी म्हणून कुणी लेखणी उचलत नव्हते. राजाला सैनिक हवे होते, वारसाकडून नजराणा हवा होता आणि अज्ञान वारसाची जमीन ताब्यात हवी होती. त्या हिशेबात बाप, मुलगी, जावई, नातू यांची नावे आली. म्हणूनच मध्ययुगीन इंग्लंडमधल्या सरदारांची नाती शोधणारा माणूस आधी गाव कुणाकडून कुणाकडे गेले ते पाहतो. जमीन एका घराण्यातून दुसऱ्यात गेली की मध्ये बहुतेक वेळा एखादी बाई सापडते.

या शोधातले सर्वांत मोठे भांडार म्हणजे मृत्यूनंतरच्या चौकशा. तेराव्या शतकाच्या मध्यापासून सतराव्या शतकापर्यंत ही पद्धत चालली. राजाकडून थेट जमीन धरणारा कुणी वारला की लंडनहून हुकूमनामा सुटे. मग एस्चीटर हा राजाचा अधिकारी त्या भागात जाऊन साधारण डझनभर स्थानिक माणसांना शपथेवर विचारी: मयताकडे कोणती जमीन होती, ती कुणाकडून आणि कोणत्या चाकरीवर धरली होती, तिचे वार्षिक उत्पन्न किती, तो कोणत्या दिवशी वारला, सर्वांत जवळचा वारस कोण आणि त्याचे वय काय. उत्तर चर्मपत्रावर लॅटिनमध्ये लिहिले जाई आणि पंचांच्या मोहरा लागून सरकारदरबारी जाई. एकाच माणसाची जमीन चार परगण्यांत असेल तर चार चौकशा होत.

यातली वयाची नोंद बारकाईने वाचावी लागते. वारस मोठा असेल तर पंच 'तीस वर्षे आणि अधिक' असे सांगून मोकळे होत. वारस लहान असला की मात्र वय काटेकोर होई, गेल्या अमुक सणाला इतकी वर्षे पूर्ण झाली असे. कारण त्यात पैसा होता. मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत त्याची जमीन आणि त्याचे लग्न ठरवण्याचा हक्क राजाकडे किंवा वरच्या जमीनदाराकडे राही. मुलगी लग्न झालेली असेल तर १४ व्या वर्षी सुटे, नसेल तर १६ व्या. हा हक्क विकला जाई आणि विकत घेणारा बहुधा आपल्याच मुलीचे किंवा मुलाचे लग्न त्या वारसाशी लावी. १२१५ च्या मॅग्ना कार्टात वारसाचे लग्न त्याच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे नसावे, विधवेवर लग्नाची सक्ती नसावी ही कलमे आली, ती याच व्यवहारामुळे.

वारस सज्ञान झाला की त्याचे वय सिद्ध करावे लागे. जन्माची सरकारी नोंद नव्हती. मग गावचे बारा लोक आपली आठवण सांगत. एकाचा मुलगा त्याच आठवड्यात जन्मला होता. दुसरा त्या दिवशी घोड्यावरून पडून पाय मोडून बसला होता. तिसऱ्याने बाळाला बारशासाठी चर्चमध्ये नेताना पाहिले होते. या साक्षी वाचताना गावाचे जगणे दिसते, पण त्या सगळ्या खऱ्या नाहीत. वेगवेगळ्या वारसांसाठी साक्षींचे तेच ते संच शब्दशः वापरलेले संशोधकांना सापडले आहेत. कारकुनाकडे जणू ठरलेला मसुदा होता. तरी वारसाचे नाव, बाप आणि जन्माचा दिवस हा भाग कामाचा ठरतो.

चौकशांच्या आधीचा काळ अवघड आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन पाहणीच्या नोंदवहीत, गावागणिक धनी दिला आहे, पण त्याचा बाप क्वचितच सांगितलेला असतो. पुढचा मोठा टप्पा ११६६ चा. दुसऱ्या हेन्रीने आपल्या बॅरनांना विचारले की तुमच्याकडे किती नाइट जमीन धरून आहेत आणि त्यांपैकी कोणाला ती माझ्या आजोबांच्या मृत्यूपूर्वी, म्हणजे ११३५ च्या आधी मिळाली. या उत्तरांतली नावे आणि डूम्सडेतली गावे समोरासमोर ठेवली की ८० वर्षांचे अंतर दोन-तीन पिढ्यांत भरून काढता येते. ११८५ मध्ये त्याच राजाने १२ परगण्यांतल्या विधवांची आणि पोरक्या वारसांची यादी करवली. प्रत्येकीचे वय, मुले किती, माहेर कोणते, जमिनीचे उत्पन्न किती, आणि आणखी इतक्या मेंढ्या व इतके बैल ठेवले तर ते किती वाढेल, हे सारे तिथे आहे. राजा त्या बायकांकडे मालमत्ता म्हणून पाहत होता. त्याच यादीमुळे अनेक घराण्यांतल्या आई-आजीची ओळख आज पटते.

मुलीला आंदण दिलेली जमीन हा आणखी एक धागा. बाप एखादे शेत मुलीबरोबर जावयाला देई आणि तिसऱ्या वारसापर्यंत त्या जमिनीबद्दल मांडलिकीचा विधी करावा लागत नसे. मुलीचा वंश खुंटला तर जमीन माहेरी परत. साहजिकच भांडणे होत आणि न्यायालयात वादी आपली पूर्ण वंशावळ म्हणून दाखवी: पणजीपासून आजीला, आजीपासून आईला, आईपासून मला. या खटल्यांच्या गुंडाळ्यांतून जॉर्ज रॉट्स्ली याने काढलेल्या वंशावळींचे जाडजूड पुस्तक १९०५ मध्ये निघाले. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तहहयात मिळे, म्हणून तीन लग्ने केलेल्या बाईचे नाव तीन घराण्यांच्या कागदांत येते आणि सावत्र भावंडांचा गुंता तिच्यामुळेच सुटतो.

नावांवर विसंबून चालत नाही. डूम्सडेच्या काळातला गिल्बर्टचा मुलगा रिचर्ड कुठे टनब्रिजचा, कुठे क्लेअरचा, तर कुठे नॉर्मंडीतल्या बियेनफेतचा म्हणून येतो. माणूस एकच. उलट बाजूने, पिढ्यान्‌पिढ्या जॉन आणि विल्यम याच नावांची आवर्तने असलेल्या घरात दोन माणसे एक समजली जातात आणि वंशावळीतली एक पिढी गळून पडते.

ढालीवरच्या चिन्हांनी मदत होते. थोरला मुलगा, धाकटी शाखा, वारस मुलगी यांच्या खुणा वेगळ्या असत. पण चिन्हांवरूनही वाद झाले. निळ्या रंगावर सोनेरी तिरपा पट्टा कुणाचा, यावर स्क्रोप आणि ग्रॉव्हनर या घराण्यांत १३८५ पासून खटला चालला. १३८६ मध्ये स्क्रोपच्या बाजूने साक्ष द्यायला कवी जेफ्री चॉसर आला. त्याने वय 'चाळीस आणि अधिक' सांगितले. त्याच्या जन्माची नोंद नसल्यामुळे चरित्रकारांना आजही या उत्तरावर अवलंबून राहावे लागते. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर हे चिन्ह टांगलेले पाहून आपण ते स्क्रोपांचे समजलो, पण ते ग्रॉव्हनरांचे आहे असे तिथे कळले, आणि ते नाव आपण तोवर ऐकलेच नव्हते, असे त्याने शपथेवर सांगितले. शेवटी पट्टा स्क्रोपांकडे राहिला आणि ग्रॉव्हनरांनी गव्हाची पेंढी घेतली.

प्रतिष्ठेसाठी पूर्वज विकत घेणारेही होते. डेन्बीचे अर्ल असलेले फील्डिंग घराणे आपण हॅब्सबर्गांचे वंशज असल्याचे सांगे. जे. होरेस राउंड या इतिहासकाराने १९०१ मध्ये त्यांची जुनी म्हणवली जाणारी सनदपत्रे तपासली आणि ती सतराव्या शतकात बनवलेली असल्याचे दाखवून दिले. कागद कोणत्या काळाचा, कुणी आणि कशासाठी केला, हे विचारल्याशिवाय वंशावळ मान्य करायची नाही, ही शिस्त इंग्लंडमध्ये राउंडसारख्यांनी रुजवली.

१६६० मध्ये संसदेने लष्करी चाकरीच्या बदल्यात जमीन धरण्याची पद्धत रद्द केली आणि वारसांच्या चौकशा कायमच्या संपल्या. त्यांच्या हजारो गुंडाळ्या आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या आधारे चौदाव्या शतकातल्या एखाद्या नाइटच्या वारस मुलीचा नवरा, तिची मुले आणि नातवंडे पुष्कळदा ओळीने सांगता येतात. तिच्या बापाचा धाकटा, जमीन न मिळालेला भाऊ मात्र या कागदांत बहुधा नसतो. त्याला शोधायचे तर दानपत्रांवरच्या साक्षीदारांची नावे आणि फ्रान्सच्या मोहिमांवर गेलेल्या सैनिकांच्या पगाराच्या याद्या चाळाव्या लागतात.