मुक्या पडद्यावरचं ‘वंदे मातरम्’

सिनेमाला नाव गाण्याचं, आणि गाणं ऐकवायची सोय मात्र नाही! भालजी पेंढारकरांच्या ‘वंदे मातरम् आश्रम’ची ही गंमत. १९२६ सालचा हा मूकपट इंग्रजी अमलातल्या शिक्षणावर टीका करणारा, राष्ट्रीय शिक्षणाची बाजू घेणारा. मुका असूनही तो सेन्सॉरला झोंबला. पुन्हापुन्हा कात्री लागली, काही काळ बंदी आली आणि शेवटी छाटून छाटून उरला तेवढा लोकांपुढे आला.

बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’मधलं हे गीत १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी गायलं. पण १९०५ च्या वंगभंगानंतर त्याचे पहिले दोन शब्द गाण्यातून सुटे झाले आणि त्यांची आरोळी बनली. कडवी पाठ नसली तरी अडत नसे. माझ्या मते मूकपटाला नेमकं हेच सोयीचं पडलं. पडद्यावर पाटी यायची आणि वाचता येणारा शेजाऱ्यांसाठी ती मोठ्यानं वाचायचा. म्हणजे पडदा मुका, प्रेक्षक बोलका. सरकारला धास्ती होती ती याचीच.

१९३० साली प्रभातच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला तर नावच बदलावं लागलं. ‘स्वराज्य’ हा शब्द सेन्सॉरला चालेना, म्हणून शांतारामबापूंचा तो शिवकालीन मूकपट ‘उदयकाल’ होऊन लागला. शिवाजीमहाराजांची गोष्ट चालते, त्यांनी काय मिळवलं ते सांगायचं नाही, असा तो न्याय!

पडद्यावर अडवलेल्या या आरोळ्या बारा वर्षांनी पालघरला रस्त्यावर आल्या. १४ ऑगस्ट १९४२ ला पंचक्रोशीतली माणसं कचेरीवर मोर्चा घेऊन गेली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाचजण गेले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे आणि मुरब्याचे रामचंद्र चुरी त्यांतलेच. पालघरला हुतात्मा स्तंभ आहे, आणि १४ ऑगस्टला तिथं अजूनही माणसं जमतात.

पुढं स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, फिल्मिस्तानचा ‘आनंदमठ’ आला. त्यात ‘वंदे मातरम्’ला हेमंतकुमारांची चाल, लताबाईंचा आवाज. ती चाल आजही लोकांच्या तोंडी आहे.