‘22 जून 1897’: विस्मरणात गेलेला पुण्याचा सिनेमा

1979 साली मराठी पडद्यावर तमाशापटांचा आणि दादा कोंडक्यांच्या विनोदाचा जोर होता. त्याच वर्षी आलेला ‘22 जून 1897’ हा चित्रपट दिग्दर्शित केला होता नचिकेत आणि जयू पटवर्धन या वास्तुविशारद जोडप्यानं. पटकथेत शंकर नाग यांचा सहभाग, संवाद विजय तेंडुलकरांचे. कलादिग्दर्शनासाठी आणि राष्ट्रीय एकात्मतेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. तरीही चांगल्या मराठी चित्रपटांचा विषय निघाला की तेंडुलकरांच्याच ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ यांची नावं घेतली जातात. हा चित्रपट मात्र यादीबाहेरच राहतो. हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

त्यामागचा इतिहास पुणेकरांच्या ओळखीचा. 1897च्या सुरुवातीला शहरात प्लेगनं थैमान घातलं. बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडनं घरझडतीला गोरे सोल्जर लावले. ते बुटांसह थेट देवघरापर्यंत शिरत, सामान रस्त्यावर फेकत, रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवत. शहर धुमसत असतानाच 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा झाला. समारंभाहून परतणाऱ्या रँडवर दामोदर चाफेकरांनी गोळी झाडली. बाळकृष्णांच्या गोळीनं लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड 3 जुलैला मेला. पुढे दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण हे तिघं भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले.

अशा कथेचा पोवाडा करणं सोपं होतं. पटवर्धनांनी तो मोह टाळला.

त्यांचे चाफेकर पुतळ्यातले नाहीत, वाड्यातले आहेत. कीर्तनकाराची ही मुलं कर्मठ, तालमीची आवड असलेली, इंग्रजांइतकीच सुधारकांवर चिडलेली. दामोदर चाफेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तातूनही हाच स्वभाव दिसतो. त्यांच्या धैर्याला सलाम करताना त्यांचा सनातनीपणा झाकायचा नाही, हा या चित्रपटाचा खरा मोठेपणा. अभिनयातही तोच संयम आहे. इथले लोकमान्य टिळक साकारले आहेत सदाशिव अमरापूरकरांनी, ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीच्या चार वर्षं आधी! त्यांना फक्त खलनायक म्हणून ओळखणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा.

ऐतिहासिक चित्रपट म्हटलं की आज भगवे झेंडे, ढोल आणि टाळीबाज संवाद ठरलेले. हुतात्म्यांकडे माणूस म्हणून पाहण्याचं धाडस मराठी सिनेमानं 1979 साली, तुटपुंज्या साधनांत दाखवलं होतं, हे नव्या प्रेक्षकाला कळायलाच हवं. गव्हर्नमेंट हाउस आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. विद्यापीठानं आणि शहरातल्या फिल्म सोसायट्यांनी दर 22 जूनला तिथेच या चित्रपटाचा खेळ लावावा.