हौदा

मागच्या शनिवारी सकाळी शेजारचे आजोबा दारात हजर. हौदा उतरवायचा होता, दोन हात कमी पडत होते. मी मिशिगनमध्ये पाँटिअ‍ॅकजवळ राहतो. आजोबांच्या गॅरेजात गेली तीन वर्षं एक जुना लष्करी ट्रक उभा आहे : जीएमसीचा 'सीसीकेडब्ल्यू', अडीच टनी, सहा चाकी, सहाही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारा. दुसऱ्या महायुद्धात असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनले, त्यातले पुष्कळसे इथे पाँटिअ‍ॅकलाच.

मला वाटलं होतं, चार बोल्ट काढले की काम झालं. कसलं काय! आधी ताडपत्रीच्या कमानी काढल्या, मग फाळका, मग मागच्या दिव्यांच्या वायरी. आणि मग यू-बोल्ट. या ट्रकचा हौदा चासीला भोकं पाडून ठोकलेला नसतो. चासीच्या पट्टीला भोक पाडलं की ती तिथेच कमजोर होते, म्हणून हौद्याचे खालचे लांब वासे चासीवर ठेवून यू-बोल्टांनी आवळतात. मध्ये लाकडाची पट्टी. खडबडीत रस्त्यावर चासी पिळते, तेव्हा लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. पण तीच पट्टी पाणी धरून ठेवते आणि गंज नेमका तिथेच लपतो. दोन बोल्ट तेल पाजून सुटले. बाकीचे कापावे लागले.

चेनपुलीने हौदा वीतभर उचलला, खाली लाकडी ठोकळे सरकवले, पुन्हा उचलला. मग ट्रकच पुढे ढकलून बाहेर काढला. हौदा जागच्या जागी लटकत राहिला. नुसती चासी आणि केबिन असलेला ट्रक फार केविलवाणा दिसतो हो!

हौदा बहुतेक लाकडी. हे ट्रक सुरुवातीला पोलादी हौद्याचे होते. १९४२ मध्ये पोलादाची चणचण भासू लागली. रणगाडे आणि जहाजं आधी, म्हणून हौद्याला लाकूड आलं. पुढे लाकूड आणि पोलाद मिळून केलेला हौदाही निघाला. म्हणजे युद्धातली काटकसर या फळ्यांत दिसते.

फाळक्याजवळच्या फळ्या सगळ्यात जास्त झिजलेल्या होत्या. माल ओढून घ्यायची जागा ती. आजोबा तिथे बराच वेळ हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, त्यांचे वडील फ्रान्समध्ये असाच ट्रक चालवायचे, 'रेड बॉल एक्सप्रेस'वर.

१९४४ च्या उन्हाळ्यात दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीतून इतक्या वेगाने पुढे सरकल्या की पेट्रोल आणि दारूगोळा मागेच राहिला. फ्रान्सची रेल्वे दोस्तांनीच आधी बॉम्ब टाकून मोडली होती. तेव्हा २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत हजारो ट्रक रात्रंदिवस धावले. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, इतर वाहनांना मज्जाव. अडीच टनांच्या गाडीत त्याच्या दुपटीपर्यंत माल. या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत आणि त्यांना बहुतेक हमालीची, वाहतुकीची कामं दिली जात. हा भेद संपवण्याचा आदेश ट्रुमन यांनी काढला तो १९४८ मध्ये.

आपल्याकडचा लेडो रस्ताही असाच. आसामातल्या लेडोहून १२ जानेवारी १९४५ रोजी निघालेला पहिला ताफा ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला. तो रस्ता खणणाऱ्या अमेरिकन सैनिकांतही बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते. त्याला नाव मात्र मिळालं जनरल स्टिलवेल यांचं.

मी आजोबांना म्हटलं, फळ्या बदलू नका, इतिहास आहे तो. ते हसले. म्हणाले, फळ्या युद्धातही बदलतच असत. कुजलेल्या फळीवर कोण माल भरणार? आणि हा ट्रक वडिलांचा नव्हेच. वडिलांनी कुठला चालवला, त्याचा नंबर त्यांनाही आठवत नव्हता. विचारलं की म्हणायचे, माल पोचला, बस्स.

मग आम्ही जुन्या फळ्यांची मापं घेतली, एकेका भोकाची जागा कागदावर उतरवली. नवं लाकूड येईल, जुने कोंडे आणि बिजागऱ्या घासूनपुसून पुन्हा लागतील. या ट्रकच्या इंजिनावर नंबर आहे, केबिनमध्ये माहितीच्या पाट्या आहेत. हौद्यावर आम्हाला काहीच सापडलं नाही. युद्ध मात्र त्यातूनच पोचलं.

पुढच्या शनिवारी चासीचा गंज खरवडायचा आहे. आजोबांनी मला न विचारताच माझ्यासाठी एक तारेचा ब्रश आणून ठेवलाय.