मालवणचा विद्यार्थी, गेडिसांची परीक्षा आणि न शिकवला गेलेला भूप्रदेश

१/ मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरशास्त्र यांचा विभाग स्थापन केला आणि त्याची धुरा सोपविली एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडे. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. या विभागातून एक वाट भारतातील लँडस्केप आर्किटेक्चरच्या शिक्षणाकडे जाऊ शकली असती. ती का गेली नाही, याचा हा धागा. यात मालवणचा एक तरुणही आहे.

२/ आधी शब्दाविषयी. लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे बागकाम नव्हे. जमिनीचा उतार, पाण्याची वाट, माती, झाडे आणि माणसांचा वावर यांचा एकत्र विचार करून मोकळ्या भूमीची केलेली रचना म्हणजे भूदृश्यरचना. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांच्यामुळे हे व्यवसायनाम रूढ झाले. १९०० मध्ये हार्वर्डने त्याचा अभ्यासक्रम सुरू केला.

३/ गेडिस हे ब्रिटनमध्ये स्वतःस लँडस्केप आर्किटेक्ट म्हणविणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी. १९०४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन येथील उद्यानाचा आराखडा प्रसिद्ध केला. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा दंडक होता. १९१४ मध्ये ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानास निघाले, तेव्हा प्रदर्शनाचे सामान वाहणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. (मद्रासवर तोफा डागणारी तीच ही एम्डेन.) गेडिसांनी नवे प्रदर्शन उभे केले आणि गावोगाव पायी हिंडून अहवाल लिहिले. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवू पाहणाऱ्या अभियंत्यांना ते सांगत, तलाव स्वच्छ करा, त्यांत मासे सोडा.

४/ त्यांची सर्वांत गाजलेली आकृती म्हणजे ‘व्हॅली सेक्शन’, अर्थात खोऱ्याचा उभा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एक रेघ ओढायची आणि तिच्यावर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, धनगर, शेतकरी, कोळी यांना आपापल्या जागी बसवायचे. भूमी धंदा घडविते आणि धंदा वस्ती घडवितो, हे त्यातून दिसते. ही आकृती स्कॉटलंडच्या डोंगरांवरून सुचलेली असली, तरी तिला मालवण परिसराइतके चपखल उदाहरण क्वचितच सापडेल. सह्याद्रीत उगम पावून देवबागजवळ सागरास मिळणारी कर्ली नदी घ्यावी. वर घाटातले जंगल, मग जांभ्याचे उघडे सडे, सड्यांच्या कुशीतील माडा-पोफळीच्या बागा, खाली भातमळे, मग खाडी आणि अखेरीस रापण ओढणाऱ्यांचा किनारा.

५/ गेडिसांना विभागासाठी विद्यार्थी हवे होते. समाजशास्त्राच्या शिक्षणासाठी परदेशी पाठविण्याची शिष्यवृत्ती विद्यापीठाने जाहीर केली. अर्ज करणाऱ्यांत १८९३ मध्ये मालवणात जन्मलेला, संस्कृत शिकलेला एक तरुण होता, गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिसांनी त्याला एक निबंध लिहावयास सांगितले. विषय होता, नागरी केंद्र म्हणून मुंबई. निबंध पसंत पडला आणि घुर्ये विलायतेस गेले.

६/ येथे वाट वळली. घुर्ये लंडनहून केंब्रिजला रिव्हर्स या मानवशास्त्रज्ञांकडे गेले आणि जातिसंस्थेच्या अभ्यासात रमले. १९२४ मध्ये गेडिस मुंबई सोडून गेले आणि विभाग घुर्यांच्या हाती आला. त्यातून भारतीय समाजशास्त्राची एक मोठी परंपरा उभी राहिली. पण गेडिसांच्या छेदातील माणसे तेवढी वर्गात आली, जमीन बाहेरच राहिली. याचा दोष घुर्यांना देणे अन्यायाचे होईल. त्यांनी पुण्याजवळच्या लोणीकंदची पुनर्पाहणी करून १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गुरूच्या पाहणीचा वारसा दिसतो. भूमीचा अभ्यास पुढे नेणारा दुसरा विभागच तेव्हा नव्हता.

७/ तो यावयास जवळपास अर्धशतक लागले. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये लँडस्केप आर्किटेक्चरचे पदव्युत्तर शिक्षण १९७२ मध्ये सुरू झाले. तेथे घडलेल्या पिढ्यांवर शेफिल्डला शिकून आलेल्या मोहम्मद शहीर यांचा मोठा ठसा आहे. हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेच्या पुनरुज्जीवनात त्यांचा मोलाचा वाटा होता.

८/ योगायोग असा की वास्तुविशारद अधिनियमही १९७२ चाच. नोंदणी नसलेल्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावू नये, असे तो सांगतो; मात्र ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ला त्यातून वगळतो. सोबत आणखी एकाला वगळले आहे, जहाजे रचणाऱ्या ‘नेव्हल आर्किटेक्ट’ला! कायद्यातील व्याख्या तर वनस्पती, झाडे आणि मोकळ्या जागांपुरतीच. पाण्याचा त्यात उल्लेखही नाही. परिणामी या व्यवसायास स्वतःची वैधानिक नोंदणी नाही आणि पदव्युत्तर पदवी हीच त्याची खरी ओळख ठरली. व्यावसायिकांची देशव्यापी संस्था ‘इसोला’ २००३ मध्ये स्थापन झाली. आज सर्वसाधारण मार्ग असा: पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी आणि त्यावर दोन वर्षे. सिंधुदुर्गातील विद्यार्थिनीला त्यासाठी पुण्याचे भानुबेन नानावटी महाविद्यालय किंवा अहमदाबादचे सेप्ट गाठावे लागते.

९/ आणि तिचा अभ्यासविषय मात्र घरामागेच असतो. १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांच्या काळात ग्रामस्थांनी दोन डोंगरांमधील खोरे बांध घालून अडविले. तो धामापूरचा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत आला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींना गोडे पाणी आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा दुर्गांत या किल्ल्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या नोंदीच्या अधिकृत नावात ‘किल्ले’ हा शब्दच नाही. आहे तो ‘लँडस्केप्स’.

१०/ मालवण तालुक्यातीलच कुडोपीचा सडा, त्यावरील कातळशिल्पांमुळे, युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. असे सडे सरकारी दप्तरी बहुधा पडीक जमीन म्हणूनच नोंदले जातात. पावसाळ्यात त्यांच्यावर रानफुले उमलतात, आणि सड्यात मुरलेले पाणी पुढे खालच्या वाडीतील विहिरींना येते.